गाडीचा पिक-अप

गेल्या माघांत आमच्या एकत्र कुटुंबाची जुनी डिझेल जीपगाडी नांदेडाहून लातुरास लग्नासाठीं निघाली. लोह्यापुढें उसानें भरलेल्या ट्रॅक्टरास ओलांडतांना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडीस जोर येईना, आणि समोरून ट्रक आला! पुतण्यानें प्रसंगावधान राखून गाडी पुन्हां ट्रॅक्टरामागें घेतली, म्हणून निभावलें.

एका गॅरेजांत 'टर्बो बदला' असा निकाल मिळाला. आम्हीं मात्र स्वस्त कारणांपासून आरंभ केला. प्रथम एअर फिल्टर: आमच्याकडील धुळीनें तो कोंदला कीं इंजिनास हवा पुरत नाहीं व काळा धूर निघतो. मग डिझेल फिल्टर: तो तुंबला कीं गाडीस चढावर दम लागतो. नंतर टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारी रबरी नळी: ती चिरली असल्यास जोर देतांच फुसफुस ऐकूं येते. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाहीं, तर संशय क्लचचा. एखादें चाक इतरांहून फार तापलें, तर तेथें ब्रेक धरून राहिला आहे असें समजावें.

आमच्या गाडीची नळीच चिरलेली निघाली. टर्बो निर्दोष होता.

पैसे वाचले, ही गोष्ट गौण. दोष दूर होईपर्यंत अशा गाडीनें कोणास ओलांडूं नये, आणि वडीलधाऱ्यांनीं चालविणारास घाई करूं नये. त्या दिवशीं 'मुहूर्त टळेल' म्हणून घाई आम्हींच केली होती.