गोदामातल्या दोन पाट्या

बँकेच्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेल्या कामांपैकी सर्वांत रूक्ष काम होते स्टॉक तपासणीचे. कारखानदाराला बँक खेळते भांडवल देते आणि त्या बदल्यात त्याच्या गोदामातला माल बँकेकडे नजरगहाण असतो. तो माल खरोखरच जागेवर आहे की नुसता कागदावर आहे, हे पाहायला अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा जायचे, पोती मोजायची, पिंपे मोजायची, रजिस्टरात आकडे लिहून सही ठोकायची आणि मालकाने मागवलेला चहा पिऊन परत यायचे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे बरीच वर्षे मी हे काम चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत केले. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सुटे भाग बनवणारे, रंग देणारे, प्लेटिंग करणारे, रबराचे काम करणारे लहान लहान कारखाने उभे राहिले. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, या कारखान्यांनी घडवले. पैठण, गंगापूर, जालना, बीड अशा कोरडवाहू मुलखातल्या किती घरांत पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार आला, हे मी माझ्या काउंटरवरून पाहिले आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते कारखान्यांविरुद्ध लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या गोदामांत दोन पाट्या असत. एक आमची. ‘या गोदामातील सर्व माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे’ अशी, ठळक अक्षरांत, दारासमोर, कुणाच्याही नजरेत भरेल अशी. तिचा रंग उडाला तर मी मालकाला पत्र पाठवत असे आणि आठवड्याभरात पाटी नव्याने रंगवली जात असे. दुसरी पाटी पिंपावरची. आत काय आहे, अंगावर पडले तर काय होईल, श्वासात गेले तर काय होईल, हे सांगणारी. ती इंग्रजीत असे, बारीक अक्षरांत असे, बहुधा अर्धी फाटलेली किंवा तेलाने माखलेली असे, आणि पिंप भिंतीला लावून ठेवलेले असले तर ती भिंतीकडे तोंड करून असे. ती दिसत नाही म्हणून मी कधी कुणाला पत्र पाठवले नाही. माझ्या रजिस्टरात नग, वजन, दर, किंमत, विमा असे रकाने होते. पिंपातल्या वस्तूने माणसाच्या हाताचे काय होते, असा रकाना नव्हता.

एका प्लेटिंगच्या कारखान्यात पंचविशीचा एक तरुण टाकीवर काम करायचा. कारखान्याचे आणि त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. पिंपे मोजताना तोच मला ती हलवून दाखवायचा. एकदा उन्हाळ्यात मोजणी चालू असताना त्याच्या नाकातून रक्त आले. फोरमन म्हणाला, “घोळणा फुटला साहेब, उन्हाचं होतंच.” कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी डोक्यावर पाणी थापले. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घोळणा फुटणे म्हणजे काही नवल नाही. माझाही लहानपणी फुटायचा. तो पुन्हा उभा राहिला आणि आम्ही राहिलेली पिंपे मोजली. पुढे नोव्हेंबरात गेलो तेव्हाही त्याच्या नाकाशी रुमाल होता. थंडीत कसला आला आहे घोळणा, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. तो पडला नाही. वर्षा-दीड वर्षाने तो दिसेनासा झाला. विचारले तर कळले, गावी गेला.

निवृत्तीनंतर कारखान्याच्या पार्श्वभूमीवर कादंबरी लिहायला घेतली आणि प्लेटिंगची माहिती गोळा करताना त्या रुमालाचा उलगडा झाला. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक आम्लाचे पाणी असते. त्यातून वीज सोडली की बारीक बुडबुडे उठतात, पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. डोळ्यांना ते धुक्यासारखे दिसले तर दिसतात, नाही तर नाहीच. हे तुषार रोज श्वासात गेले की नाकपुड्यांमधल्या पडद्यावर व्रण होतो आणि हळूहळू त्या पडद्याला भोक पडते. बऱ्याचदा ते दुखतही नाही. हातावरच्या लहानशा जखमेत ते पाणी गेले तर खोल, लवकर न भरणारा व्रण होतो. हेच तुषार वर्षानुवर्षे छातीत गेले तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे काही नवे संशोधन नव्हे. क्रोमचा व्रण हा आजार 1948 च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत, सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. म्हणजे कायद्याला माहीत होते, पिंप पाठवणाऱ्या कंपनीला माहीत होते, पिंपावरच्या पाटीला माहीत होते. फक्त ज्याचे नाक होते त्याला माहीत नव्हते. तो कांदा हुंगत होता.

धोका असणे ही एक गोष्ट आणि धोका ठाऊक नसणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीची किंमत देशाने 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मोजली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या कारखान्यात 1981 साली फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने 1982 पासून धोक्याचे इशारे छापले होते. तरीही त्या रात्री आजूबाजूच्या वस्तीला हा कोणता वायू आहे, कुठे पळायचे, तोंडावर ओला कपडा धरायचा की नाही, काहीच ठाऊक नव्हते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही आपण कोणत्या विषावर उपचार करतो आहोत हे कुणी नीट सांगितले नव्हते.

त्यानंतर सरकार जागे झाले. 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कारखानदाराने धोक्याची माहिती कामगारांना, तपासणी अधिकाऱ्यांना, स्थानिक संस्थेला आणि शेजारच्या वस्तीलाही दिली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कामगाराला आपल्या आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क दिला गेला. समोर धोका दिसत असेल तर तसे बजावण्याचाही हक्क दिला गेला. 1989 च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी प्रत्येक रसायनाचे माहितीपत्रक ठेवणे आणि पिंपावर नाव-धोका लिहिणे बंधनकारक केले. संसदेने 2020 साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती मागण्याचा हक्क आहे. मात्र तिथे विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतली कामगारांची किमान संख्या 10 वरून 20 झाली. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तर धोकादायक कामाला एका कामगारापासूनही संहिता लागू करता येते, पण एका शेडमध्ये आठ माणसांवर चालणारे प्लेटिंग अशा अधिसूचनेची वाट पाहत राहते. मी पिंपे मोजत होतो तेव्हा 1987 ची दुरुस्ती आणि 1989 चे नियम दोन्ही आले होते, हेही इथे नमूद करतो.

तेव्हा कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती सांगण्याची. रसायनाचे माहितीपत्रक आता जगभर सोळा भागांत लिहिले जाते. वस्तू काय, धोका कोणता, अंगावर पडली तर पहिला उपाय कोणता, आग लागली तर ती कशाने विझवायची आणि कशाने विझवायची नाही, कशाशेजारी ठेवायची नाही, असे सगळे त्यात असते. पण ते इंग्रजीत असते, मॅनेजरच्या कपाटातल्या फायलीत असते आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर निघते. टाकीवर उभा असलेला माणूस पैठणचा असतो किंवा बिहारचा, ठेकेदाराने गेल्या आठवड्यात आणलेला. ते कपाट कुठे आहे हेही त्याला माहीत नसते.

आणि मराठीत लिहिले जाते तेव्हा काय लिहिले जाते? ‘संक्षारक’. ‘ज्वालाग्राही’. ‘त्वचेशी संपर्क टाळावा’. मी चाळीस वर्षे मराठीत लिहितो आहे, पण ‘संक्षारक’ हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्याऐवजी ‘अंगावर उडाले तर कातडी जळते, लगेच पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा’ असे लिहायला काय हरकत आहे? ‘थिनरच्या डब्याजवळ बिडी ओढू नका’ हे वाक्य ‘ज्वालाग्राही’पेक्षा लांब आहे खरे, पण जीव वाचवणारे आहे. प्लेटिंगच्या कारखान्यात सायनाइडची भुकटी आणि आम्ल एकमेकांजवळ ठेवायचे नसते, कारण दोन्ही एकत्र आली की प्राणघातक वायू सुटतो. एवढे एकच वाक्य कामगाराच्या भाषेत भिंतीवर लिहिलेले असावे आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडून वदवून घेतलेले असावे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘काय समजलं ते सांग’ असे म्हटले, तरच खरे कळते.

ही अडचण कारखान्यांपुरती नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात पडले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. हा क्रम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हिरवे झेंडे, लाल दिवे आपल्याला कळतात, पण निळा त्रिकोण म्हणजे ‘बरे औषध’ असे वाटले तर त्या मजुराचा काय दोष?

7 जून 2021 ला पुण्याजवळच्या उरवडे गावी पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. सतरा जण गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. 23 मे 2024 ला डोंबिवलीच्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे गेली. आपल्या वाळूजमध्ये 31 डिसेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार दगावले. जो माणूस कारखान्यातच झोपतो, त्याला तर तिथली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक दार ठाऊक असायला हवे.

माझे काही कारखानदार मित्र म्हणतात, “सगळं सांगितलं तर माणसं पळून जातील. आधीच माणूस मिळत नाही.” या बोलण्यात खोट नाही, भीती आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. लहान कारखानदार स्वतःही बारा तास त्याच हवेत उभा असतो. पण मी पाहिलेले उलटे आहे. वीजतंत्री विजेला घाबरून काम सोडत नाही, कारण कुठे हात लावायचा नाही हे त्याला कुणीतरी शिकवलेले असते. माणूस पळतो तो न कळणाऱ्या आजाराला भिऊन, गावी जातो आणि परत येत नाही. दुसरी तक्रार कामगारांची. मे महिन्यात रबरी हातमोजे घालून काम होत नाही, नग कमी निघतात, पैसे कमी मिळतात. हीही खरी गोष्ट आहे. तिचे उत्तर भित्तिपत्रकाने देता येत नाही, पंखा, हवा खेचणारी यंत्रणा आणि मजुरीचा दर यांनीच द्यावे लागते.

रविवारी हे वाचणाऱ्या घरांनाही यात करण्यासारखे आहे. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका; त्यातून क्लोरीन सुटतो आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. आम्ल किंवा थिनर सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. कामावर येणाऱ्या बाईंना कोणती बाटली कशाची हे सांगा, नुसती बाटली हातात देऊ नका. घरचे कुणी कारखान्यात असेल तर कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका. आणि रात्री जेवताना सहज विचारा, “तू ज्यात हात घालतोस ते आहे तरी काय?” त्याला सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याने ते फोरमनला विचारावे. तो त्याचा हक्क आहे.

माझी सही असलेली रजिस्टरे आता कुठल्या तरी रद्दीत गेली असतील. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आज मला पुन्हा ते रजिस्टर आखायला दिले, तर दर आणि किंमत यांच्यामध्ये मी एक रकाना वाढवीन: ‘या पिंपात काय आहे, असे पिंप हलवणाऱ्याला विचारले. त्याने दिलेले उत्तर.’ आणि तो रकाना रिकामा असेल, तर खाली सही करणार नाही.