मोबाईल फितूर होत नाही, पण...



गावातला खटला कसा मोडतो हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. घटना भरदिवसा घडते, पाहणारे पन्नास असतात. कोर्टात मात्र कुणालाच काही आठवत नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा प्रकरण आठवा. २०१४ च्या त्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर पेटते, त्याला खरे बोलणे किती महाग पडते!

आता एक नवा साक्षीदार पुढे आला आहे. मोबाईल, सीसीटीव्ही, संगणक. त्यांच्या पोटातला पुरावा शास्त्रीय पद्धतीने काढून तपासणे याला डिजिटल न्यायवैद्यक तपास म्हणतात.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. त्याआधी ६ डिसेंबरला पवनचक्की कंपनीच्या आवारात दलित समाजातील एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा ते मदतीला धावले होते. खुनाच्या वेळच्या अमानुष मारहाणीचे व्हिडिओ व छायाचित्रे सीआयडीने आरोपपत्रात पुरावा म्हणून जोडली. मार्च २०२५ मध्ये ती छायाचित्रे बाहेर आली आणि सारा महाराष्ट्र हादरला.

पण बंधू-भगिनींनो, लोक हादरले म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. कोर्ट वेगळेच प्रश्न विचारते. हा फोन कोणाकडून जप्त केला? मधल्या काळात तो कोणाच्या हातात होता? त्यात कुणी काही घातले वा काढले नाही कशावरून?

म्हणून तज्ज्ञ मूळ फोनवर काम करीत नाहीत. त्याची जशीच्या तशी प्रत काढतात आणि ती तपासतात. त्या प्रतीचा एक आकडा संगणक काढतो, त्याला हॅश म्हणतात. खतावणीत एक आकडा बदलला की बेरीज जुळत नाही. तसेच फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी हॅश बदलतो. पुसलेली माहितीही पुष्कळदा सापडते, कारण वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने लगेच नाहीशी होत नाहीत. मात्र त्याच जागेवर नवे लिहिले गेले की जुने गेले.

कागदाचे महत्त्व किती, हे शेजारच्या जालन्याने देशाला शिकवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कार्यालयातील व्हिडिओवरून ठरवायचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे, आणि त्यात हॅश लिहावा लागतो.

ही शिस्त आरोपीच्याही संरक्षणाची आहे. एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात फाइली बाहेरून घुसवल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. पण पुरावा राखण्यात ढिलाई झाली तर निरपराधही अडकू शकतो, हे ध्यानात ठेवा.

मग अन्याय झाला तर घरच्यांनी काय करावे?

एक, ज्या फोनवर चित्रण झाले तो फोन जपा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत निकृष्ट होते, तारीख-वेळेच्या खुणाही गळून पडतात. व्हिडिओ कापू नका, त्यावर गाणे चढवू नका.

दोन, दुकानातील वा ग्रामपंचायतीचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या.

तीन, फोन पोलिसांकडे देताना पंचनाम्यात कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रण करणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

चार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ यावेत, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्येही कार्यवाहीच्या व्हिडिओ चित्रणाची तरतूद आहे. हे हक्क तोंडी नव्हे, लेखी मागा.

मोबाईलला ना मजुरी बुडण्याची भीती, ना वाळीत पडण्याची. तो फितूर होत नाही. पण त्याला कोर्टापर्यंत धड पोचवणारी माणसे आपल्यातूनच उभी राहिली पाहिजेत. प्रत्येक वस्तीत शिकलेल्या दोन मुला-मुलींनी एवढे काम अंगावर घेतले, तरी पुष्कळ होईल.