पाचट पेटवू नका
ऊस तुटला की आमच्या वाळवा तालुक्यात पाचटाचा धूर उठतो, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते. मी पाचट जाळत नाही. सरीत लोटतो, वर युरिया आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकतो. खोडव्याला पाणी कमी लागतं, तणही दबतं. शेजारी म्हणतात, उंदीर होतात. होतात, खरंय! पण पाण्याचं बघा: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हाही जतला आणि साताऱ्याच्या माणात टँकर चालू होते. अशा मुलखात ओल धरणारं पाचट पेटवायचं? कारखान्यांनी तोडणीच्या पाळीबरोबर पाचट कुट्टी यंत्राचीही पाळी लावून द्यावी.