बक्षिसाचा आकडा आणि हरलेल्यांचा हिशेब

ऑनलाइन पोकरमध्ये अमक्याने लाख रुपये जिंकले, अशी चर्चा महानगरांपुरती राहिली नाही. स्वस्त इंटरनेटने ती तालुक्याच्या गावांपर्यंत नेली. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्याचे आणि महाविद्यालयांचे गाव. गडचिरोलीच्या जंगलभागातूनही मुले येथे शिकायला येतात. धान विकल्यावरच ज्या घरात पैसा दिसतो, त्या घरातील मुलाच्या हाती मोबाइल असतो, तेव्हा जिंकलेल्या रकमेची चर्चा निरुपद्रवी राहत नाही. म्हणूनच या स्पर्धांचे निकाल कसे वाचावेत, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

पोकर स्पर्धांचे प्रकार अनेक आहेत. नऊ जणांच्या एकाच टेबलाच्या स्पर्धेत साधारणतः पहिल्या तिघांना बक्षीस मिळते. मोठ्या स्पर्धेत हजारो खेळाडू असतात आणि रकमेचा मोठा वाटा अगदी वरच्या काही जणांकडे जातो. ‘टर्बो’ प्रकारात सक्तीची बोली झपाट्याने वाढते. विचाराला वेळ कमी आणि नशिबाचा वाटा जास्त. ‘री-बाय’मध्ये हरलेल्याला पुन्हा पैसे भरून परतता येते. ‘सॅटेलाइट’मध्ये रोख रकमेऐवजी मोठ्या स्पर्धेचे प्रवेशपत्र मिळते.

या साऱ्यांचे निकाल एका ओळीत मांडणे हीच मुळात चूक आहे. समजा, प्रवेश १०० रुपये आणि कंपनीचे शुल्क १० रुपये आहे. सर्व खेळाडू समान कुवतीचे आहेत. नऊ जणांच्या ९० स्पर्धा खेळणारा ९,९०० रुपये खर्च करील. सरासरीने तो ३० वेळा बक्षिसात येईल आणि त्याला ९,००० रुपये परत मिळतील. म्हणजे ९०० रुपयांचा तोटा, तोही कोणतीही चूक न करता. हजार जणांच्या ९० स्पर्धा खेळणाऱ्याचा खर्च तेवढाच. पण एकदा तरी पहिला येण्याची त्याची शक्यता नऊ टक्क्यांहूनही कमी. जो पहिला येतो त्याचे छायाचित्र झळकते, उरलेल्या नऊशे नव्याण्णव जणांचे नाही. री-बायमध्ये तर पुन्हा पुन्हा भरलेले पैसे वजा केल्याशिवाय ‘नफा’ या शब्दाला अर्थच उरत नाही. शेकडो स्पर्धांनंतरही कौशल्य आणि दैव वेगळे काढणे कठीण असते.

न्यायालयांतही हा प्रश्न सुटला नव्हता. रमीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले. पोकरबाबत मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रतिकूल, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अनुकूल भूमिका घेतली. करांचा भार निराळाच. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्या खेळात सरासरी खेळाडू आधीच तोट्यात होता, तेथे चांगल्या खेळाडूचीही कमाई यात विरघळू लागली.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये हा वाद वेगळ्या मार्गाने निकालात काढला. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्याने कौशल्य असो वा नशीब, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतली.

परंतु बंदीने मोह संपत नाही. परदेशी आणि बनावट संकेतस्थळांवर तर पत्ते कोण वाटतो, हेही कळत नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार २०२३ मध्ये झाली, तेव्हा संशयिताचे घर शेजारच्या गोंदियात निघाले. झाडीपट्टीतील शंकरपटात कोणती जोडी पुढे गेली, हे सारा गाव पाहतो. मोबाइलवरील डावात हार फक्त हरणाऱ्यालाच दिसते, घराला ती कळते तेव्हा धानाचा पैसा संपलेला असतो. कोणी किती जिंकले, याआधी त्याने किती वेळा किती भरले, हा प्रश्न घराघरात विचारला गेला, तरच कायद्याला अर्थ राहील.