भाकरी सोडू नका, वाटा बदला

वजन उतरवायचं म्हणून वस्तीतल्या अनेक भगिनी भाकरीच बंद करतात. थोड्या दिवसांनी अशक्तपणा येतो आणि भाकरी परत सुरू होते. भाकरी वैरी नाही. प्रश्न ताटातल्या वाट्याचा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेल्या दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला कच्चं धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. वजन कमी करताना धान्य त्याहून थोडं कमी घ्या. एका जेवणात भाकरी किंवा भात, एकच. चहातली साखर सोडा. घट्ट वरण, मटकी, अंडी, पालेभाजी वाढवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच कमी करा. नाहीतर रक्तातली साखर एकदम घसरते.

पण सगळा दोष बाईच्या जिभेवर टाकू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. हिंगोलीच्या शिवारात तूर आपलेच हात काढतात. मग आपल्याच ताटात वरण पातळ का? रेशनवर डाळ मिळावी, ही मागणी ग्रामसभेत मांडा.