‘श्यामची आई’ चालते, मग फास्टर फेणे का नाही?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा दोन पीडीएफ आल्या. एक ‘श्यामची आई’ची. दुसरी फास्टर फेणेच्या एका पुस्तकाची, कुणीतरी मोबाइलने पानापानाचे फोटो काढून बनवलेली. मी फक्त दुसरीवर हरकत घेतली. खालच्या मजल्यावरचे काका लगेच म्हणाले, “अहो, दोन्ही मुलांचीच पुस्तकं, दोन्हींवर नवे सिनेमे आले. मग एक चालतं नि दुसरी चोरी, हे कसं?”

प्रश्न रास्त आहे. फरक आहे तो लेखक कधी गेला याचा.

लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मोजणी सुरू होते पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून १ जानेवारी २०११ ला ‘श्यामची आई’ सगळ्यांसाठी खुली झाली. भा. रा. भागवत गेले २००१ मध्ये. त्यामुळे त्यांच्या बनेश फेणेवर २०६१ संपेपर्यंत हक्क राहणार. आज पहिलीत असलेलं पोर तोवर चाळिशी ओलांडेल!

आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांची पुस्तकं १९९१ अखेर खुली होणार होती, तेव्हा ती ६० केली गेली. त्या वाढीत गुरुजीही दहा वर्षं अडकले. मला हे आजही पटत नाही. मुदत वाढली म्हणून रवींद्रनाथ काही नवीन लिहिणार नव्हते.

आता सिनेमे. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’त (दिग्दर्शक आदित्य सरपोतदार) अमेय वाघचा फेणे पुण्याला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी येतो. पुस्तकातला फेणे शाळकरी. पात्र एवढं मोठं करा, गोष्ट नवी लिहा, तरी मूळ पात्रासाठी हक्क घ्यावेच लागतात. सुजय डहाकेंच्या २०२३ च्या कृष्णधवल ‘श्यामची आई’ला पुस्तकापुरती अशी परवानगी लागत नव्हती.

पण पुस्तकापुरतीच, बरं का. याच पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये सिनेमा काढला होता. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत बंद. नव्या दिग्दर्शकाला पुस्तकातली कुठलीही ‘रात्र’ उचलता येते, पण अत्र्यांनी स्वतः रचलेला प्रसंग किंवा संवाद उचलता येत नाही. गाण्यांचं तर आणखी वेगळं, कवी आणि संगीतकार दोघांची मुदत स्वतंत्र मोजायची. वसंत देसाई १९७५ मध्ये गेले. करा हिशेब.

हा हिशेब यंत्राला कळत नाही, ही खरी अडचण. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी नातवंडांसाठी ‘श्यामची आई’चं प्रकरण वाचून एका व्हिडिओ साइटवर टाकलं. मागे हळू आवाजात जुन्या सिनेमातलं गाणं. दुसऱ्याच दिवशी कॉपीराइटची नोटीस! काकू घाबरल्या, त्यांना वाटलं पुस्तक वाचणंच गुन्हा ठरला. अशा साइट्स प्रत्येक व्हिडिओच्या आवाजाचा ‘ठसा’ काढतात आणि हक्कदारांनी दिलेल्या ठशांशी ताडून बघतात. जुळला की नोटीस. लेखक कधी वारला हे त्या कोष्टकात नसतंच. काकूंनी गाणं काढून फक्त वाचन पुन्हा चढवलं, ते अजून आहे.

तुम्हीही तसं करणार असाल तर एक सांगतो: नव्या आवृत्तीतली प्रस्तावना नि चित्रं वापरू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफपेक्षा मराठी विकिस्रोतावरचा मजकूर घ्या. तो युनिकोडमध्ये आहे, म्हणजे अक्षर मोठं करता येतं, शब्द शोधता येतो, फोनला वाचूनही दाखवता येतो. फोटोंच्या पीडीएफमध्ये यातलं काही धड होत नाही.

फेणेची पीडीएफ टाकणाऱ्याने ती संध्याकाळी काढून टाकली. काकांनी लायब्ररीतून दोन फेणे आणलेत. पहिला कुणी वाचायचा यावरून त्यांच्या नातवंडांत जुंपली आहे.