पाटीवरील फुगे
दिवाळीच्या तोंडावर पेढीच्या काचेवर रंगीत व्हिनाइलची नवी अक्षरे चढतात. महिन्याभरात त्यांत फुगे दिसू लागले, तर आजोबांच्या नावाची पाटीही उपेक्षित वाटते. दोष बहुधा साहित्याचा नसून घाईचा असतो.

पहिला थर साबणाच्या पाण्याने काचेवर लावता येतो. परंतु दुसरा रंग त्याच दिवशी चढवू नये. व्हिनाइलमधून पाणी सहज बाहेर पडत नाही. ते दोन थरांत कोंडले, की पकड सुटते. म्हणून खालचा थर पूर्ण वाळू द्यावा, स्वच्छ पुसावा आणि वरचा कोरडाच लावावा. त्याची एक कड चिकटपट्टीने बिजागरीसारखी धरून, पाठीचा कागद थोडाथोडा सोडवीत, मऊ कडेच्या पट्टीने मध्यापासून बाहेर दाबत न्यावे. वरचा आकार खालच्या आकाराच्या आतच राहील, असा आराखडा करावा. खालची कड ओलांडली, की तेथे हवा अडकतेच.

तरीही फुगा राहिला, तर त्याच्या कडेला बारीक सुईने टोचून हवा छिद्राकडे दाबावी.

चालण्याबोलण्यात सांगितलेली यतना हाताच्या कामातही हवी. एका दिवसाचा धीर पाटीची शोभा वर्षानुवर्षे राखतो.